धनी घरी नसताना

पाडवा जवळ आला की सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात साल धरण्याच्या गोष्टी सुरू होतात. कुणाचा गडी सुटला, कुणी नवा धरला, रोख किती ठरले, ज्वारी किती, वर कपड्याचा जोड आणि पायताण आहे का, आणि उचल किती दिली. पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंतचा हा व्यवहार बहुतेक वेळा तोंडीच होतो. ज्याचे शेत आहे तो आता बऱ्याचदा गावात राहत नाही. मुलांच्या शाळेसाठी लातूरला किंवा सोलापूरला बिऱ्हाड केलेले असते, नाहीतर नोकरी पुण्याला असते. शेत गड्याच्या जिवावर चालते. रात्री लाईट आली की उठून मोटार चालू करायची, बॅटरीच्या उजेडात दारे धरायची, पहाटे बैलांपुढे कडबा टाकायचा, शेण काढायचे, दिवस उजाडला की औताला लागायचे. हे बघायला कुणी नसते. महिन्या-दोन महिन्यांनी मालक येतो. आल्या आल्या तो गड्याला फार विचारत बसत नाही. गोठ्यात जातो, बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो, कुशी भरल्यात का बघतो, गव्हाणीत हात घालतो. त्याला कळायचे ते तिथेच कळते.

प्रभू येशूने सांगितलेला विश्वासू दास आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायचा तर मला या सालगड्याइतके जवळचे दुसरे कुणी दिसत नाही. पुढच्या पानांतले पाठ सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरसभांसाठी लिहिले आहेत. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून संध्याकाळी हातपाय धुऊन बायबल उघडणाऱ्या माणसांसाठी लिहिले आहेत. देवाला आवडेल असे जगायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याला धर्मशास्त्राच्या मोठ्या शब्दांत उत्तर देता येते, पण ते उत्तर ऐकून माणूस उद्या सकाळी काय करणार, हे कळत नाही. म्हणून मी येशूच्या दाखल्यांपासून सुरुवात केली. त्याच्या दाखल्यांतली माणसे नांगर धरतात, मेंढरे राखतात, द्राक्षमळ्यात रोजाने जातात, हिशेब चुकवतात, मालकाची वाट बघतात.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायाच्या शेवटी एक छोटा दाखला आहे. मोठ्या सभांमध्ये त्याच्यावर फारसे कुणी बोलत नाही. धनी परगावी जातो आणि एका चाकराला घरावर नेमतो. त्याला काम काय दिले? तिजोरी सांभाळायची असे सांगितलेले नाही. धन्याचे गुणगान करायचे असेही नाही. घरातल्या बाकीच्या माणसांना वेळच्या वेळी जेवायला घालायचे, एवढेच. धनी परत येईल तेव्हा जो चाकर हे काम करताना सापडेल तो धन्य, असे येशू म्हणतो. मग तो त्याच चाकराची दुसरी बाजू सांगतो. धन्याला यायला वेळ लागणार, असे तो चाकर मनात म्हणतो आणि आपल्या सोबतच्या चाकरांना मारायला लागतो, दारूबाजांबरोबर खातो-पितो. हे बारकाईने वाचावे. हा चाकर धनी नाहीच, असे कुठेही म्हणत नाही. त्याची श्रद्धा शाबूत आहे. घर कुणाचे, हे कुणी विचारले तर तो धन्याचेच नाव सांगेल. त्याची बेइमानी सुरू होते ती सोबतच्या माणसावर हात उगारण्यापासून.

या पुस्तकाला जे सांगायचे आहे ते सगळे मला या दाखल्यात दिसते. देवाशी आपण इमानाने वागतो की नाही, हे देव समोर दिसत नसताना त्याच्या घरातल्या माणसांशी आपण कसे वागतो यावरून ठरते. वेळेवर जेवण हे साधे शब्द आहेत. पण ज्याने घर चालवले आहे त्याला ठाऊक आहे की वेळेवर जेवण म्हणजे पहाटे उठणे, पीठ आहे की नाही हे आदल्या रात्री बघणे, आजारी माणसासाठी वेगळी पेज शिजवणे, आणि हे रोज करणे. एका दिवशी पंगत घालणे सोपे असते.

सालगड्याचा दाखला मात्र एका जागी थांबतो, आणि ती जागा या पुस्तकात सर्वांत महत्त्वाची आहे. गडी साल धरतो तो उचल घेऊन. मुलीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी, मागच्या मालकाची बाकी चुकवण्यासाठी आगाऊ पैसे घेतलेले असतात आणि वर्षभर तो ते फेडत असतो. फिटले नाही तर साल पुढच्या वर्षी लांबते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, तरी उचलीचा फास किती घट्ट बसतो हे आपल्या गावांना सांगायला नको. आपल्यातले पुष्कळ जण देवाचीही अशीच उचल घेतल्यासारखे जगतात. इतके उपास केले, इतके दशांश दिले, इतक्या सभा चुकवल्या नाहीत, तरी बाकी निघतेच. आजार आला की वाटते काहीतरी राहिले. पोर परीक्षेत नापास झाले की वाटते देव रागावला.

शुभवर्तमान याच्या उलट टोकापासून सुरू होते. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी झाली की हा माझा लाडका पुत्र आहे आणि मी याच्यावर संतुष्ट आहे. तोपर्यंत येशूने एकही रोगी बरा केलेला नव्हता, डोंगरावरचे प्रवचन दिलेले नव्हते. तीस वर्षांचा होईपर्यंत तो नासरेथसारख्या आडगावात राहिला, सुताराचा मुलगा म्हणून लोक त्याला ओळखत. पित्याचा संतोष आधी आला, काम मागून आले. ख्रिस्ताच्या ठायी असलेल्या माणसाची उचल वधस्तंभावर फिटली आहे, असे आपण मानतो. मग तो राबतो कशासाठी? ज्याचे देणे फिटले आहे आणि तरी जो पहाटे उठून गोठ्यात जातो, त्याला ते घर आपले वाटत असते म्हणून तो जातो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की विश्वासाशिवाय देवाला संतोषवणे अशक्य आहे. ते वाक्य कित्येकांना धाक घालते. मला त्यात आधार दिसतो, कारण त्याच ठिकाणी पुढे असे सांगितले आहे की देव आपला शोध घेणाऱ्यांना प्रतिफळ देणारा आहे. त्याच्याकडे जाणाऱ्याने तो असा आहे हे मानावे, एवढेच मागितले आहे.

परगावी जाणारा धनी चाकरांच्या हाती ठेव सोपवतो, त्या तालांतांच्या दाखल्यातला तिसरा चाकर इथेच फसला. एक तालांत म्हणजे लहान रक्कम नव्हती. मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार, आणि एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार होत. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्याही हाती सुमारे वीस वर्षांच्या कमाईइतकी ठेव आली होती. त्याने ती खड्ड्यात पुरली. का, ते तो स्वतःच सांगतो. धनी कठोर आहे, जिथे पेरले नाही तिथे कापणारा आहे, म्हणून मी भ्यालो. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, जसेच्या तसे परत आणून दिले. पण धन्याचा स्वभाव त्याने चुकीचा धरला आणि त्यामुळे हातातले सगळे मातीत गेले. देव सावकार आहे असे मानणारा माणूस कायम खड्डाच खणत राहतो. आपल्या मंडळ्यांमध्ये शिकलेल्या मुली आहेत, गाणारे आहेत, हिशेबाला पक्के आहेत, आजाऱ्याजवळ रात्रभर बसू शकणारे आहेत. चुकेल, लोक हसतील, पाळकांना आवडणार नाही, या भीतीने ते पुढे येत नाहीत. त्यांच्यासाठी दोन पाठ वेगळे ठेवले आहेत.

आणखी एक गोष्ट आधीच बोलायला हवी. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मोठा भाग अशा घराण्यांचा आहे ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या जन्मामुळे चाकर ठरवले होते. मेलेले जनावर ओढणे, रात्री राखण करणे, निरोप पोचवणे, वेठीला जाणे आणि संध्याकाळी भाकरी मागून आणणे. त्यांच्या नातवाला तू देवाचा दास हो, असे सांगताना बोलणाऱ्याने शंभर वेळा विचार करावा. बायबलमध्ये, पौलाच्या पत्रांतही, गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे सांगणारी वचने आहेत, आणि जगभर त्यांचा वापर माणसाला दाबून ठेवण्यासाठी झाला आहे. पण त्याच पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्रही आहे. पळून गेलेल्या अनेसिमाला तो परत पाठवतो ते गुलाम म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे सांगून. त्याने काही नुकसान केले असेल तर ते माझ्या नावावर लिही, असेही पौल म्हणतो. आणि सगळ्यांच्या आधी स्वतः येशू आहे. त्याने कमरेला रुमाल गुंडाळला, शिष्यांचे पाय धुतले. पेत्राला ते सहन झाले नाही. लूकने तर अशा धन्याचे चित्र दिले आहे जो उशिरा रात्री घरी येतो, जागे असलेल्या चाकरांना जेवायला बसवतो आणि स्वतः कमर बांधून वाढायला उभा राहतो. असा धनी आमच्या गावाने पाहिलेला नाही. ज्याच्या पंगतीत चाकराला बसायला पाट मिळतो आणि धनी वाढतो, त्याची चाकरी माणसाला वाकवत नाही. ख्रिस्ती सेवेच्या नावाखाली जिथे गरिबाला पुन्हा दाराबाहेर बसवले जाते तिथे हा धनी नाही, हे स्पष्ट म्हणायला मी कचरत नाही.

मराठी मुलखात अशी चाकरी कुणी केली, याची उदाहरणे पुढच्या पाठांमध्ये येतील. त्यातली दोन-तीन इथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती ऐकली की पुढचे समजायला सोपे जाते.

पंडिता रमाबाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरायला टेकलेल्या तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तीन वर्षांनी गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या मुलीही आल्या. इतक्या तोंडांना दोन वेळचे जेवण घालायचे तर शेत हवे, विहिरी हव्यात, चक्की हवी, गाई हव्यात, आणि ते सगळे त्यांनी केले. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम त्यांची मुलगी मनोरमा हिने उचलले. यात रमाबाईंचे पांडित्य बाजूला पडले असे कुणाला वाटेल. पण याच धबडग्यात त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. खेड्यातल्या, थोडेफार वाचता येणाऱ्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. ते छापले मुक्तीच्या छापखान्यात, आणि खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या बायका तिथल्याच होत्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीच्या हातांनी देवाचे वचन जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी गेल्यावरही रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. छापलेले अखंड पुस्तक त्यांनी पाहिले नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण देताना मी नेहमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना सोबत घेतो. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे, ही त्यांची ओढ होती. ती ओढ खरी होती. पण पगार सोडल्यावर घरात चूल कशी पेटते, घरातली वस्तू नवऱ्याने कुणाला देऊन टाकली की संसार कसा सावरायचा, हे लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावरच कळते. बाहेर देवाची सेवा करणाऱ्या माणसाच्या घरी कुणीतरी ती सेवा दुप्पट करत असते आणि साक्ष देताना तिचे नाव राहून जाते. आपल्या सुवार्तिकांनी हे पुस्तक बायकोसोबत वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सर्वांत जवळचे उदाहरण जामखेडचे आहे. आपल्या भूम तालुक्याला लागून असलेला हा तालुका, तशीच माती, तसाच दुष्काळ. डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे राहुरीचे. ते आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. लग्नाच्या वेळीच दोघांनी ठरवले होते की आयुष्य खेड्यातल्या वंचितांसाठी द्यायचे. वडाळा मिशनच्या दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आले की बरा करून पाठवलेला रोगी काही दिवसांनी तोच रोग घेऊन परत येतो, कारण गावात पाणी तेच, भूक तीच. पुढे अमेरिकेत शिकून ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला आले.

लोकांनी त्यांच्याकडे काय मागितले? पाणी आणि अन्न. दवाखाना मागितला नाही. थोड्याच दिवसांत १९७२ चा दुष्काळ पडला. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तो अजून आठवतो, लाल मिलोची भाकरी आणि खडी फोडण्याची कामे. आरोळ्यांनी लहान मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला आणि कूपनलिका खोदायला घेतल्या. त्यात एक गोष्ट त्यांनी जाणून-बुजून केली. पाणी कुठे लागेल हे भूजलतज्ज्ञ सांगणार होता, आणि हातपंप दलित वस्तीत बसेल असे त्यांनी पाहिले. मग सगळ्या गावाला पाण्यासाठी त्या वस्तीत जावे लागले. भाषण नाही, मोर्चा नाही. ज्या वस्तीतल्या बाईला पिढ्यान्‌पिढ्या विहिरीपासून लांब उभे राहून कुणी घागरीत पाणी ओतेल याची वाट बघावी लागली, तिच्या दारात गावाने रांग लावली. वेळच्या वेळी घरच्यांना वाढणाऱ्या चाकराचे हे काम मी अनेक घरसभांमध्ये सांगितले आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हातारी बाई मान हलवते आणि आपल्या गावच्या आडाची गोष्ट सांगू लागते. त्या गोष्टी लिहून ठेवायला हव्यात.

पुढचे पाऊल अधिक धीराचे होते. शिकलेल्या नर्स गावात पाठवल्या, पण त्या रुजल्या नाहीत. मग गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि जातीची शिवाशिव तिथेच गळून पडे. मुलाचे वजन कसे करायचे, जुलाब झाले की साखर-मिठाचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपण स्वच्छ कसे करायचे, अंगावरचा कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, हे त्या शिकल्या. काम सुरू झाले तेव्हा या गावांमध्ये जन्मलेल्या हजार मुलांमागे दीडशेहून अधिक मुले वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या पंधरा वर्षांत हा आकडा पन्नासच्या आसपास आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण वाचलेल्या त्या पोरांना कोण आरोळे, हे कदाचित ठाऊकही नसेल. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम चालू आहे. ज्यांना धन्याने मोठी ठेव दिली त्यांनी ती गावातल्या सर्वांत खालच्या समजल्या गेलेल्या बाईच्या हाती दिली आणि तिच्यावर भरवसा ठेवला. माझ्या मते डॉक्टरकीपेक्षाही हा भरवसा मोठा.

आता सास्तूरविषयी. या गावात बसून धनी घरी नाही असे म्हणताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळता येत नाही. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपली जुनी घरे दगड-मातीची, भिंती हातभर रुंद, वर माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांमध्ये मिळून आठ हजारांच्या जवळपास माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर पाऊस लागला आणि चिखलातून माणसे काढावी लागली. अशा वेळी देव कुठे होता, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना मी अविश्वासू म्हणणार नाही. ईयोबाने हाच प्रश्न विचारला, आणि शेवटी देवाचा राग पेटला तो त्याच्या मित्रांवर; ईयोब मात्र माझ्याविषयी योग्य बोलला, असे देव म्हणाला. या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात नाही.

धनी दिसत नव्हता त्या दिवसांत चाकर मात्र दिसले. सैन्याचे जवान आले. ‘कासा’सारख्या चर्चच्या मदतसंस्था आल्या. आणि ख्रिस्ताचे नाव न घेणारेही कितीतरी आले. भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुले पुण्याला शिकायला नेली. जवळच्या हराळीला ज्ञान प्रबोधिनीने केंद्र उभारून शाळा काढली. सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभे राहिले. ख्रिस्ती माणसाने हे पाहून मनात संकोच धरू नये. मत्तयच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजाच्या उजवीकडे उभी राहिलेली माणसे चकित होऊन विचारतात की प्रभो, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? त्यांना ठाऊकच नव्हते. ज्यांनी आपल्या गावाला ढिगाऱ्यातून बाहेर काढले त्यांच्यासाठी घरसभेत नाव घेऊन प्रार्थना व्हावी. ३० सप्टेंबरला तरी व्हावी.

आजच्या एका मोहाबद्दल दोन शब्द. पौल गलतीकरांना लिहितो की मी अजून माणसांना खूश करत बसलो असतो तर ख्रिस्ताचा दास झालो नसतो. आता मंडळीत माणसांना खूश करण्याची साधने पुष्कळ झाली आहेत. मोठा मांडव, मोठा स्पीकर, दूरचा वक्ता, मोबाईलवर लगेच फोटो. मांडव वाईट नाही. पण त्याच आठवड्यात मंडळीतला कुणी सोलापूरला सिव्हिलमध्ये पडून असेल आणि त्याच्यासाठी डबा न्यायला कुणी मिळत नसेल, तर मांडवातला आनंद कुणाला आवडला हे विचारावे लागेल. वर्गणीच्या वहीचेही तेच. वही स्वच्छ ठेवणे, पावती देणे, उरलेले पैसे मंडळीसमोर मोजून दाखवणे हे काम कंटाळवाणे असते आणि त्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. थोडक्यात विश्वासू असणारा पुष्कळातही विश्वासू असतो, असे येशू म्हणाला तेव्हा तो पैशाबद्दलच बोलत होता. वह्या ठेवणाऱ्या भावा-बहिणींसाठी नववा पाठ आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करून पाठ लहान ठेवले आहेत. दिवाळीच्या आसपास ती बाहेर पडतात आणि थेट उन्हाळ्यात परततात. कोपीवर कंदिलाच्या किंवा मोबाईलच्या उजेडात एक पाठ दहा-पंधरा मिनिटांत वाचून व्हावा, असे बघितले आहे. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि शेवटच्या प्रश्नावर प्रत्येकाने बोलावे, पोरांनीसुद्धा. क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. घरात मृत्यू झाला असेल तर सहावा पाठ आधी घ्या, भांडण झाले असेल तर फिलेमोनाचा.

शेवटचा पाठ शिमोन आणि हन्ना यांच्यावर आहे. दोघेही म्हातारे. हन्नाचे वय लूकने दिले आहे, चौऱ्याऐंशी. त्यांच्याकडून आता कामाची अपेक्षा कुणी धरत नव्हते. शिमोन बाळ येशूला हातात घेतो आणि देवाला म्हणतो की आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. सगळ्या चाकरांच्या गोष्टींत रजा मागणारा हा एकच. आपल्या गावांमध्ये अशी पुष्कळ माणसे आहेत, गुडघे गेलेली, खाटेला खिळलेली, मुले पुण्याला असलेली. आमच्याने आता काही होत नाही, असे ती म्हणतात. हा पाठ तरुणांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याजवळ बसून वाचावा आणि मग त्यांना बोलू द्यावे. पाळकांची वाट बघू नये. ज्यांना स्वतः वाचायचे आहे त्यांच्यासाठी तो पाठ बाकीच्या पुस्तकापेक्षा मोठ्या टायपात घेतला आहे, त्यामुळे पाने चार वाढली आणि किंमतही थोडी वाढली.